त्वचेवरची पहिली खूण : आरंभीच्या त्वचा-कर्करोगाची फसवी रूपे
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचे शब्दांकन)



जुन्या ग्रंथालयात पुस्तकांची निगा राखणाऱ्या सेवकाला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. कसर लागलेले पुस्तक बाहेरून बराच काळ धडधाकट दिसते. पुठ्ठ्यावर टाचणीच्या टोकाएवढे एक भोक पडलेले असते, एवढेच. ज्याची नजर त्या भोकापाशी थांबते, त्याच्या हातून पुस्तक वाचते. जो ते पाहून न पाहिल्यासारखे करतो, त्याला पुढच्या वर्षी पानांचा भुगा मिळतो. त्वचेच्या कर्करोगाची गोष्ट काहीशी अशीच आहे. इतर अवयवांचे कर्करोग शरीराच्या आत, डोळ्याआड वाढतात. त्वचेचा कर्करोग मात्र पहिल्या दिवसापासून उजेडात असतो. तरीही तो पुष्कळदा उशिरा ओळखला जातो, कारण आरंभी तो कर्करोगासारखा दिसतच नाही. तो कधी नायट्यासारखा दिसतो, कधी इसबासारखा, कधी कुरुपासारखा, तर कधी निरुपद्रवी तिळासारखा. आजच्या व्याख्यानाचा विषय ही फसवी रूपे हाच आहे.

त्वचेच्या कर्करोगाचे मुख्य प्रकार तीन. बाह्यत्वचेच्या तळच्या पेशींशी साधर्म्य असलेला तो बेसल पेशींचा कर्करोग. वरच्या चपट्या पेशींपासून उद्भवणारा तो स्क्वेमस पेशींचा कर्करोग. आणि त्वचेला वर्ण देणाऱ्या रंजकपेशींपासून उद्भवणारा तो मेलॅनोमा. पाठ्यपुस्तकांत या रोगांची जी चित्रे वर्षानुवर्षे छापली गेली, ती बहुतांशी युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील गोऱ्या रुग्णांची होती. त्यांच्या त्वचेत मेलॅनिन कमी, म्हणून उन्हाचा मार अधिक; आणि रोग उद्भवतो तोही उन्हाने भाजलेल्या चेहऱ्यावर, पाठीवर, हातांवर. भारतीय माणसाच्या सावळ्या त्वचेला मेलॅनिनचे छत्र लाभलेले आहे. त्यामुळे येथे हे रोग तुलनेने विरळ आढळतात. पण विरळपणाचाच एक तोटा असा, की ते झाले असता कोणाच्या मनातही येत नाहीत. आणि जेथे शोधावे असे पुस्तक सांगते, तेथे ते पुष्कळदा नसतात.

‘आरंभीचा’ म्हणजे नेमका कोणता, हे आधी समजून घेतले पाहिजे. शरीराच्या बहुतेक भागांवर बाह्यत्वचा साधारण 0.1 मिलिमीटर जाडीची, म्हणजे एखाद्या कागदाएवढी असते. तिच्याखाली एक अतिसूक्ष्म आधारपटल आणि त्याखाली अंतस्त्वचा. रक्तवाहिन्या व लसिकावाहिन्या अंतस्त्वचेत असतात, बाह्यत्वचेत नसतात. कर्करोगाच्या पेशी जोवर आधारपटलाच्या वर आहेत, तोवर त्यांना शरीरात पसरण्यासाठी वाटच उपलब्ध नसते. या अवस्थेला विकृतिशास्त्रज्ञ ‘जागच्या जागी असलेला कर्करोग’ म्हणतात. या टप्प्यावर तो समूळ काढून टाकला, तर रोग तेथेच संपतो. एकदा का त्या पेशींनी पटल भेदले, की पुढचा प्रवास किती लांबचा होईल याची शाश्वती कोणालाच देता येत नाही. सारा प्रश्न एका कागदाच्या जाडीचा आहे.

अमेरिकेतील बॉस्टन शहराचे त्वचारोगतज्ज्ञ जॉन टेम्पलटन बोवेन यांनी 1912 साली दोन रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यांच्या त्वचेवर वर्षानुवर्षे टिकून राहिलेले, हळूहळू पसरणारे, खवलेदार चट्टे होते. पुढे या रोगाला बोवेन यांचेच नाव मिळाले. हा स्क्वेमस पेशींचा जागच्या जागी असलेला कर्करोग होय. डोळ्यांना दिसतो तो एक तांबूस, कोरडा, स्पष्ट कडा असलेला चट्टा. तो दुखत नाही, फारसा खाजतही नाही. साहजिकच त्याला नायटा समजून नायट्याचे मलम लावले जाते. मग इसब समजून स्टिरॉइडचे मलम लावले जाते. लाली थोडी कमी होते, रुग्णाला बरे वाटते, मलम थांबताच चट्टा पुन्हा उठतो. असे करता करता वर्षे निघून जातात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र चित्र निराळे असते. निरोगी बाह्यत्वचेत पेशींची एक शिस्तबद्ध चढण असते : तळाशी उभट, मध्ये बहुकोनी, वर चपट्या. बोवेनच्या रोगात ही शिस्त तळापासून माथ्यापर्यंत मोडलेली दिसते. केंद्रके लहानमोठी, गडद आणि वेडीवाकडी असतात. विभाजन पावणाऱ्या पेशी, ज्या तळाशीच असायला हव्यात, त्या वरच्या थरांतही सापडतात.

या रोगाचीही पोटरूपे आहेत. सावळ्या त्वचेत चट्टा तांबूस न दिसता काळा किंवा तपकिरी दिसतो आणि तीळ वा मेलॅनोमा यांच्याशी त्याची गल्लत होते. काहींमध्ये तो चामखिळीसारखा खडबडीत होतो. नखाखाली झाला तर चामखीळ किंवा बुरशी समजून त्यावर वर्षानुवर्षे उपचार होत राहतात. विकृतिशास्त्रज्ञाला कोड्यात टाकणारे रूप तर आणखीच वेगळे. त्यात फिकट, मोठ्या पेशी बाह्यत्वचेत सुट्या सुट्या विखुरलेल्या असतात. लंडनचे शल्यचिकित्सक सर जेम्स पॅजेट यांनी 1874 मध्ये स्तनाग्रावरील एका हट्टी ‘इसबा’चे वर्णन केले होते, आणि त्या इसबाच्या पाठोपाठ स्तनाचा कर्करोग येतो हे दाखवून दिले होते. पॅजेटच्या त्या रोगातही पेशींची मांडणी अशीच विखुरलेली असते. मेलॅनोमाच्या आरंभीही ती अशीच असू शकते. म्हणजे तीन भिन्न रोग, त्यांचे उगम भिन्न, उपचार भिन्न, आणि सूक्ष्मदर्शकाखालचा चेहरा मात्र जवळजवळ एकच. आता पेशीतील विशिष्ट प्रथिनांना रंगविणाऱ्या परीक्षांच्या साह्याने ही गाठ सोडविता येते. स्तनाग्राभोवतीचा जो ‘इसब’ एकाच बाजूला आहे आणि काही आठवड्यांच्या उपचारांनीही जात नाही, त्याचा तुकडा तपासलाच पाहिजे, हा पॅजेट यांनी घालून दिलेला धडा आजही तितकाच खरा आहे.

बोवेनचे चट्टे एकाच माणसाच्या अंगावर अनेक आणि तेही झाकलेल्या भागांवर आढळले, तर वैद्याच्या मनात पहिली शंका यावी ती सोमलाची, म्हणजे आर्सेनिकची. एकोणिसाव्या शतकात सोरायसिससाठी सोमलाचे औषध दीर्घकाळ दिले जाई. अशा रुग्णांच्या तळहातांवर व तळपायांवर कठीण पुटकुळ्या येतात आणि त्यांतून पुढे कर्करोग उद्भवतो, हे लंडनच्या जोनाथन हचिन्सन यांनी त्याच शतकाच्या उत्तरार्धात नोंदवून ठेवले. शंभर वर्षांनी हाच अध्याय भारतात उघडला. 1983 साली कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांनी पश्चिम बंगालच्या खेड्यांतून आलेल्या रुग्णांच्या त्वचेवरचे पावसाच्या थेंबांसारखे डाग आणि तळहातांवरच्या गाठी पाहून सोमलाची विषबाधा ओळखली. विष औषधातून आलेले नव्हते, ते कूपनलिकेच्या पाण्यातून आलेले होते. भूगर्भातील दोष प्रथम उघड झाला तो माणसाच्या त्वचेवर.

त्वचा अशी माणसाच्या राहणीची नोंदवही असते. लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी 1775 मध्ये धुराडी साफ करणाऱ्यांना होणारा वृषणाच्या त्वचेचा कर्करोग काजळीमुळे होतो असे दाखविले. व्यवसाय आणि कर्करोग यांचा संबंध प्रथमच इतक्या स्पष्टपणे जोडला गेला. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी पोटाशी धरून बसण्याची चाल आहे. त्या सततच्या उष्णतेने पोटावर व मांड्यांवर आधी जाळीसारखे तपकिरी डाग उमटतात आणि काहींच्या बाबतीत त्याच जागी पुढे कर्करोग होतो. या ‘कांगडी कर्करोगा’चे वर्णन डॉ. एल्म्सली यांनी 1866 मध्येच केले होते.

या परंपरेत एक नाव मराठी माणसाला विशेष जवळचे वाटावे असे आहे. मूळ गोमंतकीय कुटुंबातील डॉ. वसंत रामजी खानोलकर (1895–1978) हे भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचे प्रवर्तक मानले जातात. मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची उभारणी त्यांनी केली. 1945 मध्ये सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी चालीरीतींशी निगडित असलेल्या कर्करोगांच्या तीन भारतीय प्रकारांकडे जगाचे लक्ष वेधले. त्यांतला एक होता धोतराचा कर्करोग. वर्षानुवर्षे कमरेला एकाच जागी घट्ट बांधलेल्या धोतराने त्वचा घासली जाते, काळी व जाड होते, नंतर रंगहीन होते, तिला चिरा पडतात. आणि एखाद्याच्या बाबतीत त्या न भरणाऱ्या जखमेतच रोग मूळ धरतो.

धोतर मागे पडले, पण तो प्रश्न संपला नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये वर्धा येथील आणि बिहारमधील डॉक्टरांनी मिळून दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. पहिलीचे वय सत्तर. परकराची नाडी आयुष्यभर घट्ट बांधलेली. कमरेच्या उजव्या बाजूला दीड वर्ष न भरलेली जखम. दुसरी साठीच्या उत्तरार्धातली. ती चाळीस वर्षे परकराविना लुगडे कसून नेसत आलेली; तिची जखम दोन वर्षांची. दोघींच्याही जखमेतून घेतलेल्या तुकड्यात स्क्वेमस पेशींचा कर्करोग निघाला आणि दुसरीच्या जांघेतील एका लसिकाग्रंथीत तो पोचलेलाही होता. कमरेवरचा नाडीचा वळ कोणत्या घरात नाही? तो वळ म्हणजे कर्करोग नव्हे, आणि त्यातून रोग उद्भवणे अगदी विरळा, हे आवर्जून सांगितले पाहिजे. पण त्या वळावर न भरणारी जखम झाली, तर ती ‘नाडीचे काचणे’ म्हणून सोडून देण्याजोगी राहत नाही. नाडी सैल बांधणे, तिच्या जागी रुंद पट्टा वापरणे, गाठीची जागा बदलत राहणे आणि घरात सैल कपडे घालणे, एवढे साधे उपाय पुरेसे असतात. दीड वर्ष आणि दोन वर्षे हे आकडे रोगाइतकेच आपल्या संकोचाविषयीही बोलतात. कमरेची जखम दाखवायची कोणाला, या विवंचनेत किती बाया किती महिने काढतात, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

आता मेलॅनोमाकडे वळू. हा तिघांत सर्वांत विरळ आणि सर्वांत घातक. गोऱ्या लोकांत तो उन्हाशी निगडित असतो. भारतीयांत मात्र त्याची आवडती जागा म्हणजे तळपाय, जेथे ऊन कधी पोचत नाही. अमेरिकन विकृतिशास्त्रज्ञ रिचर्ड रीड यांनी 1976 मध्ये तळहात, तळपाय व नखे येथे होणाऱ्या या प्रकाराला स्वतंत्र नाव देऊन वेगळे ओळखले. आरंभी तो असतो केवळ एक सपाट, तपकिरी-काळा डाग. कडा अनियमित, रंग कुठे गडद कुठे फिका. तळपाय कोण न्याहाळतो? डाग दिसला तरी चिखलाचा, डांबराचा, काटा मोडल्याचा किंवा ठेच लागून साकळलेल्या रक्ताचा वाटतो. जगप्रसिद्ध जमेकन गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली 1977 मध्ये असाच डाग आढळला. फुटबॉल खेळताना झालेली इजा असे प्रथम समजले गेले. तो मेलॅनोमा होता. 11 मे 1981 रोजी, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

तळपायाचा डाग वाचण्याची एक सुंदर युक्ती जपानी त्वचारोगतज्ज्ञांच्या अभ्यासातून मिळाली. तळपायाच्या त्वचेवर ठशांच्या रेषा असतात. त्यांत उंचवटे असतात आणि त्यांमध्ये चर असतात. घामाची छिद्रे उंचवट्यांवर उघडतात. साध्या तिळाचा रंग बहुधा चरांत साठतो. आरंभीच्या मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर. हातात धरण्याजोग्या, प्रकाश व भिंग असलेल्या डर्मोस्कोप नावाच्या उपकरणातून हा भेद स्पष्ट दिसतो. मात्र याच रोगाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली आरंभी फसवा असतो. बाह्यत्वचेच्या तळाशी थोड्या रंजकपेशी, थोड्याशा मोठ्या, थोड्याशा गडद, इतकेच काय ते दिसते. डागाच्या एका कोपऱ्यातून घेतलेला लहानसा तुकडा ‘घातक नाही’ असा अहवाल देऊ शकतो, आणि रोग उरलेल्या डागात वाढत राहतो. म्हणून डाग लहान असेल तर तो संपूर्ण काढून तपासणे इष्ट. आणि अहवाल व डोळ्यांना दिसणारा डाग यांचा मेळ बसत नसेल, तर डॉक्टरांनी व विकृतिशास्त्रज्ञाने एकमेकांशी बोलणे अत्यावश्यक. ग्रंथाचे एक पान वाचून ग्रंथावर अभिप्राय देणे जितके अन्यायाचे, तितकेच हेही.

नखावरची काळी उभी रेघ हे दुसरे रूप. सावळ्या लोकांच्या अनेक नखांवर अशा रेघा स्वाभाविकपणे असतात. त्यांना भिण्याचे कारण नाही. परंतु प्रौढ वयात एकाच नखावर नव्याने उमटलेली, मुळाशी रुंद होत जाणारी आणि नखाच्या कडेच्या त्वचेवरही रंग पसरविणारी रेघ तपासून घेतली पाहिजे. त्वचेवर उतरलेल्या त्या रंगाचे महत्त्व वर उल्लेखिलेल्या हचिन्सन यांनीच 1886 साली, ‘काळ्या नखुरड्या’चे वर्णन करताना सांगितले होते. तिसरे रूप आणखी अवघड : ज्या मेलॅनोमाची ओळखच काळ्या रंगावर आधारलेली, त्याचा एक प्रकार रंगहीन असतो. गुलाबी, मऊ, सहज रक्त येणारी गाठ किंवा तळपायाची न भरणारी जखम असे त्याचे स्वरूप. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाला अशी जखम झाली, तर ती मधुमेहाचीच, असे सर्वजण गृहीत धरतात. आणि बहुतेक वेळा ते खरेही असते. पण योग्य उपचारांनीही ती भरत नसेल, तर गृहीत तपासून पाहणे हाच शहाणपणा.

फसगत उलट दिशेनेही होते. डब्लिनच्या आर्थर जेकब यांनी 1827 मध्ये वर्णिलेला बेसल पेशींचा कर्करोग गोऱ्या माणसात मोत्यासारखा चमकदार दिसतो. भारतीयांत तो वारंवार काळा असतो आणि पाहणाऱ्याला मेलॅनोमाची धास्ती भरते. प्रत्यक्षात तो क्वचितच शरीरात पसरतो आणि वेळीच काढला तर बरा होतो. 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या विकृतिशास्त्रज्ञ सोफी स्पिट्झ यांनी मुलांमधील काही गाठींचे वर्णन ‘बालपणीचे मेलॅनोमा’ म्हणून केले. सूक्ष्मदर्शकाखाली त्या घातक दिसत, पण त्यांच्या रुग्णांपैकी एक वगळता सारी मुले जगली. पुढे उमगले, की त्या बहुतांशी निरुपद्रवी तिळांच्याच गाठी आहेत. ज्याला कर्करोग म्हटले तो कर्करोग नव्हता, हेही विज्ञानाला त्याच प्रांजळपणे सांगावे लागते. नाहक भीती आणि नाहक शस्त्रक्रिया हीसुद्धा हानीच आहे.

अमेरिकेचे अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी 1970 मध्ये एक साधी गोष्ट दाखवून दिली : मेलॅनोमाचे भवितव्य त्याच्या पसाऱ्यापेक्षा त्याच्या खोलीवर अवलंबून असते. ती खोली मिलिमीटरात मोजता येते. एक मिलिमीटरहून कमी खोलीच्या रोगातील बहुसंख्य रुग्ण कायमचे बरे होतात, आणि त्यासाठी डागाभोवतीची सेंटिमीटरभर त्वचा काढणे बहुधा पुरते. बोवेनच्या चट्ट्यावर तर शस्त्रक्रियेबरोबरच मलम आणि शीतचिकित्सा असे सौम्य पर्यायही आहेत. उशीर झाला, की मात्र अंगठा, पाऊल आणि कधी प्राण पणाला लागतात.

या सगळ्याच्या आड एक समजूत उभी असते : ‘चाकू लावला की कॅन्सर पसरतो.’ घरोघरी ती वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकू येते. ती कशी रुजली असावी हे समजण्याजोगे आहे. माणसे शस्त्रक्रियेला पोचत तीच मुळी रोग पसरल्यावर. मग शस्त्रक्रियेनंतर मृत्यू आला, की दोष चाकूच्या माथी. त्वचेचा लहानसा तुकडा काढल्याने हे रोग पसरतात असा पुरावा नाही. तुकडा न काढता लावलेली मलमे, चुना, बिब्बा किंवा दाभणाने टोचून काढलेले ‘कुरूप’ यांनी मात्र मोलाचे महिने वाया जातात.

तेव्हा लक्षात ठेवायचे ते फार थोडे. महिना-दीड महिन्यात न भरणारी जखम. मलमांना न जुमानणारा एकुलता एक चट्टा. तळपाय, तळहात किंवा नखावर नव्याने आलेला आणि बदलत जाणारा काळा डाग. जुन्या भाजल्याच्या व्रणात पुन्हा फुटलेली जखम. विनाकारण रक्त येणारी गाठ. यांपैकी बहुतेक गोष्टी अखेरीस साध्याच ठरतील. पण त्या साध्या आहेत हे त्वचारोगतज्ज्ञाने सांगावे, शेजाऱ्याने नव्हे. महिन्यातून एकदा आंघोळीनंतर उजेडात बसून तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहावीत. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा. आणि घरातील आजी-आजोबांचे पाय मुलानातवंडांनी पाहावेत. वडिलांच्या पायांना हात लावण्याची चाल आपल्याकडे आहेच. नमस्कार करताना क्षणभर तळव्याकडेही नजर टाकली, तर त्या चालीला आणखी एक अर्थ प्राप्त होईल.

ग्रंथालय माणसाला वाचायला शिकवते. अक्षर ओळखणे हा त्याचा आरंभ, ओळींमधले वाचणे ही पुढची पायरी. शंभर वर्षे या वास्तूने ते काम निष्ठेने केले आहे. ज्यांची नजर येथे घडली, त्यांनी ती स्वतःच्या आणि स्वकीयांच्या त्वचेकडेही अधूनमधून वळवावी, इतकीच या व्याख्यानाची अपेक्षा आहे.